ताई, एक विचारू? : पिणारी मुलं आणि ठरलेल्या दिवशी येणारं माणूस

मागच्या एका उत्तरात मी ओझरतं लिहून गेले होते, की दारू पिऊ लागलेल्या मुलाला दहा जणांच्या उपदेशापेक्षा ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी भेटणारं एक माणूस जास्त कामाला येतं. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतली चार इथे घेतली आहेत. कोणाची ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. ग्रंथपाल म्हणून नोकरी केली आणि त्याच्या जोडीने गेल्या १९ वर्षांत सहा मुलांची मेंटॉर, म्हणजे नेमाने भेटून सोबत करणारं मोठं माणूस, होते. त्यांतल्या चौघांचा प्रश्न दारूचा होता. प्रत्येक मुलामागे माझी एक वही आहे, भेटीच्या दिवशी रात्री लिहिलेली. उत्तरं देताना त्या वह्या पुन्हा उघडल्या.

ताई, माझा मुलगा सोळा वर्षांचा आहे. चार महिन्यांत तीनदा पिऊन घरी आला. तिसऱ्या वेळी जिन्यातच पडला. कपाटात स्वेटरच्या मागे बाटली सापडली, तेव्हा त्याच्या बाबांनी हात उचलला. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. तो घरी आला की मी जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घेते आणि मग मलाच माझी लाज वाटते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, त्याला एखादा मेंटॉर बघा. म्हणजे नेमकं काय? आम्ही काय कमी समजावलं, की बाहेरचं कोणी येऊन समजावेल? — एक आई

तुम्ही कमी समजावलेलं नाही. तुमचं पत्र वाचून वाटलं, घरात आता समजावण्याखेरीज दुसरं काही उरलेलंच नाही. तो दारात आला की तुमच्या मनात दारू येते आणि ते त्याला तुमच्या चेहऱ्यावर दिसतं. मेंटॉर म्हणजे असं मोठं माणूस, ज्याच्यासमोर तुमचा मुलगा आधी मुलगा असतो आणि पिणारा नंतर. ते माणूस समजावायला येत नाही. ते भेटायला येतं.

पण त्याआधी एक काम करा. त्याचं पिणं कुठपर्यंत गेलंय ते कळायला हवं. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयातल्या डॉ. जॉन नाइट यांनी किशोरवयीन मुलांसाठी सहा साधे प्रश्न तयार केले, ते आज अनेक देशांतले डॉक्टर वापरतात. प्यायलेल्या माणसाच्या गाडीत कधी बसलास का, किंवा पिऊन स्वतः चालवलीस का? मन हलकं करायला किंवा चारचौघांत सामावून जायला पितोस का? एकटा असताना पितोस का? प्यायल्यावर काय केलं ते विसरलास, असं झालंय का? घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का? पिण्यामुळे कधी अडचणीत आलास का? दोन किंवा त्याहून जास्त ‘हो’ आले, तर जाणकाराकडून नीट तपासणी करून घ्यायची. हे प्रश्न तुम्ही उलटतपासणीसारखे विचारू नका. डॉक्टरांना विचारू दे, आणि त्या वेळी तुम्ही खोलीबाहेर थांबा. तुमच्यासमोर तो खरं बोलणार नाही, त्यात त्याचा फारसा दोषही नाही.

तो रोज आणि भरपूर पीत असेल, सकाळी हात थरथरत असतील, तर घरच्या घरी एकदम बंद करायला लावू नका. रोज मोठ्या प्रमाणावर पिणाऱ्याने अचानक थांबवली, तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, त्यानंतर भ्रमही होऊ शकतो, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. तिथे डॉक्टरच हवेत. मेंटॉरचं काम त्यानंतर सुरू होतं. तुमच्या पत्रावरून तो तितका पुढे गेलेला वाटत नाही, पण पत्रावरून मी खात्री देऊ शकत नाही.

आता मेंटॉरबद्दल. ही कल्पना जुनी आहे. १९०४ साली न्यू यॉर्कच्या बालन्यायालयात अर्नेस्ट कोल्टर नावाचे एक अधिकारी होते. एकामागून एक मुलं न्यायाधीशापुढे उभी राहताना त्यांना रोज दिसायची. त्यांनी एका सभेत लोकांना विचारलं, तुमच्यातला एकेक जण यातल्या एकेका मुलाचा मोठा भाऊ होईल का? चाळीसेक माणसं तयार झाली. त्यातून ‘बिग ब्रदर्स’ नावाची चळवळ उभी राहिली. पुढे १९९५ मध्ये या कामाचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आठ शहरांतली १० ते १६ वयाची ९५९ मुलं त्यात होती. निम्म्यांना लगेच मेंटॉर द्यायचं ठरलं, बाकीच्यांना थांबावं लागलं. दीड वर्षाने पाहिलं, तेव्हा मेंटॉर मिळालेल्यांमध्ये दारू सुरू करण्याचं प्रमाण २७ टक्क्यांनी कमी होतं. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा आकडा दारू *सुरू* करण्याचा आहे. सुरू झालेली सोडवण्याचा नाही. म्हणून मी तुम्हाला मेंटॉर म्हणजे उपचार असं सांगणार नाही. उपचार चालू असताना आणि ते संपल्यावर मुलाला कोणाचा तरी हात धरावा लागतो, तो हात म्हणजे मेंटॉर.

हवाई बेटांपैकी काउआई नावाच्या बेटावर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग कित्येक दशकं ठेवला. गरिबी, घरातलं व्यसन, भांडणं अशा बिकट परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट, समजूतदार माणसं झाली. ती कशामुळे तरली हे पाहताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. बऱ्याच मुलांच्या आयुष्यात आईवडिलांखेरीज एखादं मोठं माणूस होतं, जे त्यांच्यापाशी टिकून राहिलं. कोणाची आजी, कोणाचे शिक्षक, कोणाची शेजारीण.

तेव्हा माणूस शोधताना फार लांब जाऊ नका. त्यालाच विचारा, ‘कोणाबरोबर दोन तास गेले तर तुला कंटाळा येत नाही?’ त्याने नाव घेतलं ते तुमच्या मनातलं नसेल, तरी लगेच नाक मुरडू नका. मात्र डोळे उघडे ठेवा. माणसाची नीट चौकशी करा. भेटी उघड्या, माणसांच्या वर्दळीच्या जागी होऊ द्या. कुठे आणि किती वाजेपर्यंत हे तुम्हाला माहीत असावं. चांगल्या मेंटॉरला या अटींचा राग येत नाही. राग आला तर तो माणूस नको.

आणि भेटीहून आल्यावर ‘काय म्हणाले?’ हे विचारू नका. माझ्याकडे येणाऱ्या पहिल्या मुलाची आई हे दर वेळी विचारायची. तिसऱ्या आठवड्यापासून तो माझ्याकडेही गप्प बसू लागला.

तोंडाचा वास घेणं आजपासून थांबवा. त्या जागी काय करायचं ते सांगते. तो पिऊन आला, तर त्या रात्री फक्त त्याची तब्येत बघा. बोलू नका, रडू नका, हिशेब मागू नका. दुसऱ्या दिवशी तो पुरता शुद्धीवर आला, दोघांचं पोट भरलेलं असलं, की एकच वाक्य म्हणा: ‘काल तुला तसं पाहून मी घाबरले.’ आणि थांबा. तुमच्या यजमानांना सांगा, हात उचलल्याबद्दल मुलाची माफी मागा. प्यायल्याबद्दलचा राग तसाच राहू दे, त्याला तो कळायलाही हवा. माफी मारल्याची मागायची. हे मी भीत भीत लिहीत नाही. ज्या घरात हे झालं, तिथे दार पुन्हा उघडलेलं मी पाहिलं आहे.

मी पंधरा वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात एका मित्राने खूप घेतली आणि तो उठेचना. आम्ही त्याला गार पाण्याखाली धरलं, कॉफी पाजायचा प्रयत्न केला, मग झोपू दिलं. सकाळी तो उठला. कोणाला सांगितलं नाही. आम्ही बरोबर केलं का? — नाव छापू नका

तुझा मित्र उठला हे वाचून मी आधी श्वास सोडला. बाळा, तुम्ही चुकलात, पण तुम्हाला कोणी शिकवलंच नव्हतं. तेव्हा आता शीक.

कॉफीने किंवा गार पाण्याने दारू उतरत नाही. ती मुख्यतः यकृतातून जाते आणि यकृत आपल्या संथ गतीनेच काम करतं. उलट शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि गार पाण्याने आधीच थंड पडत चाललेलं शरीर आणखी थंड होतं. ‘झोपू दे, सकाळी उतरेल’ हे सगळ्यात धोक्याचं. पोटात असलेली दारू तो झोपल्यावरही रक्तात मिसळत राहते, म्हणजे पिणं थांबल्यावरही नशा चढत असते.

हलवून, चिमटा काढूनही जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी आहेत किंवा दोन श्वासांमध्ये दहा सेकंद जातात, ओठ निळे पडलेत, अंग गार आणि चिकट झालंय, झटके येतायत, बेशुद्धीत उलटी होतेय, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच रुग्णवाहिका बोलवायची. ती येईपर्यंत त्याला कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा पुढे दुमडायचा म्हणजे तो पालथा पडणार नाही, तोंड किंचित खाली ठेवायचं. आणि एकाने त्याच्यापाशी बसून राहायचं. घरी कळलं तर मार पडेल, ही भीती मला समजते. तरीही बोलवायचं.

एक विनंती आहे. तू जो प्रश्न मला विचारलास, तो ज्याला समोरासमोर विचारता येईल असं एक मोठं माणूस मनात ठरवून ठेव. आजच ठरव.

मी सत्तावीस वर्षांचा आहे. माझा भाचा सतरा वर्षांचा. तो मित्रांबरोबर दर शनिवारी पितो हे माझ्या बहिणीला कळलं आणि तिने मला सांगितलं, ‘तुझं ऐकतो तो, तूच सांभाळ.’ पण मी स्वतः महिन्यातून एकदोनदा घेतो आणि भाच्याला ते माहीत आहे. मी कोणत्या तोंडाने सांगू? दुसरं म्हणजे, पहिल्याच भेटीत त्याने विचारलं, ‘मामा, आईला सांगणार नाहीस ना?’ आणि मी ‘नाही’ म्हणून बसलो. आता पेचात पडलोय. शिवाय भेटून करायचं काय, तेही कळत नाही. दोघंही मोबाइल बघत बसतो. — एक मामा

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

समोरासमोर बसू नका. शेजारी शेजारी बसा आणि हातांना काम द्या. माझ्याकडे एक मुलगा यायचा. त्याच्या वहीत पहिल्या दहा भेटींच्या पानांवर जवळपास काही नाही, ‘आला, बसला, गेला’ एवढंच. आम्ही ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं बांधायचो. जुनी खळ खरवडायची, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे करायचे, सुईत मेण लावलेला दोरा ओवून ते पुन्हा शिवायचे. अकराव्या बुधवारी, टाका घालता घालता, मान वर न करता तो म्हणाला, ‘रात्री घरात आवाज सुरू झाले की मला झोप लागत नाही. प्यायलो की लागते.’ मी काही बोलले नाही. दोरा संपला होता, तो कापून त्याला दिला. पुढच्या बुधवारी तो स्वतःहून वेळेआधी आला. मी त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं असतं, तर ते वाक्य कधीच आलं नसतं असं मला आजही वाटतं. तुम्ही पुस्तकं बांधायला हवीत असं नाही. सायकल खोला, धावायला जा, भिंत रंगवा. शनिवारची संध्याकाळच त्यासाठी धरलीत तर फार उत्तम. शनिवार रिकामा ठेवून ‘पिऊ नकोस’ म्हणण्यात काही अर्थ नाही. आइसलँडमध्ये हे अख्ख्या देशाने केलं. मुलांना खेळ, संगीत, संध्याकाळी जायला जागा दिल्या, आईवडिलांना मुलांबरोबर जास्त वेळ घालवायला लावलं. गेल्या महिन्याभरात प्यायल्याने झिंगलो होतो असं सांगणारी १५-१६ वर्षांची मुलं तिथे १९९८ साली ४२ टक्के होती, २०१६ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली.

आता तुमच्या पिण्याचं. तुम्ही त्याच्याशी खोटं बोलू नका, एवढं तर नक्की. पण माझं मत विचाराल तर मी त्याच्या पुढे जाईन. त्याच्यासोबत आहात तितका काळ, किमान एक वर्ष, तुम्हीही सोडा. हे जास्त होतंय असं काहींना वाटेल. मला वाटत नाही. ‘मी मोठा आहे, मला चालतं’ हे वाक्य बरोबर असलं तरी सतरा वर्षांच्या मुलाला त्यातून एकच ऐकू येतं, की पिणं म्हणजे मोठं होणं. तुम्ही सोडलीत, तर मित्रांनी ‘घे रे, एकच’ म्हटल्यावर काय होतं ते तुम्हालाही कळेल आणि तुमच्या बोलण्याला वजन येईल. आणि तुम्हालाच सोडणं जड गेलं, तर तेही त्याला सांगा. आपल्या पिण्याचे किस्से मात्र हसत हसत कधीही सांगू नका.

गुपिताचं वचन घाईत दिलंत. ते पुढच्याच भेटीत दुरुस्त करा. असं म्हणा: ‘मागच्या वेळी मी विचार न करता ‘नाही सांगणार’ म्हणालो. तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझा जीव धोक्यात असेल, तुझ्यामुळे दुसऱ्याचा असेल, किंवा कोणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मी गप्प बसणार नाही. आणि तेव्हाही आधी तुला सांगेन, मग इतरांना.’ तो दोनचार दिवस रुसेल. रुसू दे. गाडी चालवण्याचा विषयही इथेच घ्या. प्यायल्यावर गाडीला हात लावायचा नाही, प्यायलेल्याच्या गाडीत बसायचं नाही, तुम्हाला फोन करायचा. तुम्ही जाऊन त्याला आणायचं आणि त्या रात्री एक शब्दही विचारायचा नाही. हे वचन दिलंत तर पाळा. रात्री दोन वाजता फोन आला तरीही.

दारूबद्दल बोलायची वेळ येईल तेव्हा काय बोलायचं, यासाठी विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ पासून मांडलेल्या पद्धतीतला एक प्रश्न मला फार उपयोगी पडला. त्याला विचारा, ‘शून्य ते दहामध्ये सांग, पिणं कमी करावं असं तुला किती वाटतं?’ तो म्हणेल, ‘तीन.’ आपल्या तोंडावर येतं, तीनच का? ते गिळा. विचारा, ‘शून्य का नाही?’ मग तो स्वतःच कारणं सांगायला लागतो. माझ्या एका मुलीने उत्तर दिलं होतं, ‘कारण सकाळी मी काय बोलले ते मैत्रिणी सांगतात आणि मला आठवत नाही.’ मी सांगितलेली दहा कारणं एकीकडे आणि तिचं हे एक कारण एकीकडे. पुढे तिने सोडली ती याच कारणासाठी.

नाही म्हणण्याचा सरावही करून घ्या, अगदी नाटकासारखा. तुम्ही मित्र व्हा आणि आग्रह करा. त्याने म्हणायचं छोटं, न चिडता, कारण न देता: ‘आज नको.’ कारण दिलं की समोरचा ते खोडतो. पहिल्यांदा तुम्ही दोघं हसाल. पाचव्यांदा ते वाक्य त्याच्या जिभेवर बसेल.

एवढं करूनही वाटलं की तो एकटा असताना पितोय, शनिवारखेरीज आणखी वार वाढतायत, तर बहिणीला विश्वासात घेऊन त्याला तज्ज्ञाकडे न्या. मामाने सगळं एकट्याच्या खांद्यावर घेऊ नये.

ताई, मी चोवीस वर्षांची आहे आणि एका सोळा वर्षांच्या मुलीची मेंटॉर. सात महिने झाले, आम्ही दर रविवारी भेटतो. त्यातले चार महिने तिने एक थेंबही घेतला नव्हता. परीक्षेचा निकाल लागला त्या रात्री ती प्यायली. गेले दोन रविवार ती आलेली नाही, फोनही उचलत नाही. तिची आई मला म्हणाली, ‘तुमचा काही उपयोग झाला नाही.’ रात्री झोप लागत नाही. त्यात मला दोन महिन्यांनी नोकरीसाठी दुसऱ्या गावी जावं लागेल असं दिसतंय. आत्ताच थांबावं का? तिला माझी गरज आहे असंही वाटत नाही. — एक मेंटॉर

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. उत्तर लिहायला सर्वांत जास्त वेळ याच पत्राला लागला.

चार महिने म्हणजे साधारण १२० दिवस. एका रात्रीने त्यातला एकही दिवस पुसला जात नाही. अ‍ॅलन मार्लेट या संशोधकाने या विषयावर आयुष्यभर काम केलं. पाय घसरणं आणि दरीत कोसळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने दाखवून दिलं. घसरल्यावर माणूस कोसळतो तो पुष्कळदा त्या एका पेल्यामुळे कोसळत नाही. ‘झालं, मी मोडलंच, मी आहेच अशी’ हा विचार त्याला ढकलतो. तुझी मुलगी आत्ता बहुधा नेमकी तिथे उभी आहे. ती तुझा फोन उचलत नाही, कारण तुला तोंड दाखवायची तिला लाज वाटते. ती परत भेटेल तेव्हा ‘का केलंस?’ विचारू नकोस. ‘त्या संध्याकाळी, पहिला घोट घ्यायच्या आधीचा तास कसा होता?’ असं विचार. कोण होतं, ती कुठे होती, निकाल घरी कसा घेतला गेला. पुढच्या वेळी तो तास ओळखता आला पाहिजे. आणि तिला हेही विचार, ‘मग थांबलीस कशी?’ कारण ती कधीतरी थांबली आहेच.

तिच्या आईचं बोलणं मनाला लावून घेऊ नकोस. तीही घाबरलेली आहे. तुझी झोप उडाली असेल, तर हे मनात ठेवण्यापेक्षा एखाद्या अनुभवी मेंटॉरपाशी किंवा समुपदेशकापाशी बोल. १९३५ मध्ये ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ हे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याचं काम सुरू झालं ते मुळात दोन पिणाऱ्या माणसांच्या एकमेकांशी बोलण्यातून. धीर देणाऱ्यालाही धीर लागतो.

आता जाण्याबद्दल. हे मी आजवर या सदरात लिहिलेलं नाही.

माझ्याकडे सहा वह्या आहेत असं वर लिहिलं. त्यातली दुसरी फक्त नऊ पानं भरलेली आहे. मुलगी सोळा वर्षांची होती. शाळा सुटल्यावर पाण्याच्या बाटलीत भरून आणलेली दारू ती एकटी बसून प्यायची. नऊ आठवडे आम्ही भेटलो. मग माझी बदली झाली. मी तिला जायच्या तीन दिवस आधी सांगितलं आणि म्हणाले, ‘मी फोन करत जाईन.’ मी दोनदा केला. मग नवं गाव, नवं काम, राहून गेलं. वर्षाने तिच्या मावशीकडून कळलं, मी गेल्यावर ती कोणाला भेटायलाच तयार नव्हती. म्हणायची, ‘येतात आणि जातात.’ ती वाचली, आज बरी आहे, पण त्यात माझं काही श्रेय नाही.

पुढे मला २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचायला मिळाला. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघींनी ‘बिग ब्रदर्स’च्या त्याच अभ्यासातल्या मुलांची माहिती पुन्हा तपासली होती. ज्या जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या, त्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. आणि ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्या मुलांची स्वतःबद्दलची किंमत आधीपेक्षा खाली गेली. मेंटॉर मिळालाच नसता तर बरं, अशी त्यांची गत झाली. मी नऊ आठवडे मोजले. त्या रात्री मी वही मिटून ठेवली ती कित्येक महिने उघडली नाही.

म्हणून तुला सांगते. तू सात महिने टिकलीस, हे फार आहे. जायचं असेल तर जा, नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. पण ‘आत्ताच थांबू का’ याचं उत्तर नाही असं आहे. ती घसरलेली असताना तू थांबलीस, तर तिच्या मनात दोन्हींची गाठ बसेल: मी प्यायले म्हणून ती गेली. ती गाठ सोडवायला पुढे कोणाला तरी वर्षं लागतील. आधी ती परत येऊ दे. दोनतीन भेटी नेहमीसारख्या होऊ देत. जायचं पक्कं झालं की त्याच आठवड्यात तिला सांग, तारखेसकट. कारण नोकरी आहे, तू नाहीस, हे शब्दांत सांग, तिला ते आपोआप कळेल असं धरू नकोस. तिला रागवायला वेळ मिळाला पाहिजे, म्हणून दोन महिने आहेत ते बरंच आहे. नवं माणूस मिळालं, तर तिघांनी मिळून दोन रविवार भेटा. नंतर फोन करणार असशील तर कोणत्या वारी, किती वाजता ते ठरव आणि महिन्यातून एकच ठरव, पण तो चुकवू नकोस. जमणार नसेल, तर ‘फोन करत जाईन’ म्हणूच नकोस.

पण हे सगळं नंतरचं. आज संध्याकाळी तिला एक निरोप पाठव. लांबलचक नको, प्रश्न नको, त्या रात्रीचा उल्लेख नको. ‘रविवारी पाच वाजता नेहमीच्या जागी आहे. आलीस तर मला बरं वाटेल. सहापर्यंत थांबते.’ आणि रविवारी जा, सहापर्यंत थांब. ती आली नाही, तर सोमवारी पुन्हा तोच निरोप पाठव, पुढच्या रविवारचा.